सात ढेपांचा माणूस

लढाई संपली आणि डॉक्टर धन्यकुमार पुण्याच्या लष्करी इस्पितळातून सांगलीला घरी परतले. येताना त्यांनी एक लाकडी पेटी आणली आणि एक मत आणलं. पेटी हातात होती. मत डोक्यात होतं आणि ते पेटीपेक्षा बरंच जड होतं.

मत असं, की डोळ्यावर विश्वास ठेवू नये, आकड्यावर ठेवावा. इस्पितळातला त्यांचा गोरा साहेब हे रोज सकाळी चहाबरोबर सांगायचा. डोळा म्हणजे गावठी साधन, असं तो म्हणायचा. म्हणजे इंग्रजीत त्या अर्थाचं काहीतरी.

पेटीत काचेच्या चार बंद नळ्या होत्या. सगळ्यांत गुलाबी पाणी. पहिलीतलं फिकट, चौथीतलं चांगलं गडद. नळ्यांवर पाच, दहा, पंधरा आणि वीस असे आकडे. त्या काळात न्यूमोनियावर सल्फाच्या गोळ्या नव्यानेच आल्या होत्या. गोळी दिलेल्या माणसाचं थोडं रक्त काढायचं, गाळायचं, त्यात पेटीतल्या तीन बाटल्यांमधले थेंब टाकायचे, की ते गुलाबी होतं. गोळी रक्तात जितकी जास्त, तितका रंग गडद. तो रंग नळ्यांशी जुळवून पाहिला की शंभर सीसी रक्तात किती मिलिग्रॅम औषध आहे ते कळतं. दहाच्या आसपास उतरलं की न्यूमोनिया हटतो. पाचाच्या खाली राहिलं तर जंतूंना पत्ताही लागत नाही. विसाच्या वर गेलं तर औषधाची बारीक खडी मूत्रपिंडात बसते, लघवी तुंबते, आणि मग न्यूमोनिया बरा झाल्याचं समाधान फक्त डॉक्टरला उरतं.

पण डॉक्टरांना खरं वेड होतं ते त्याच्या आधीच्या हिशेबाचं. रक्त न काढता, वजन-गोळ्यांच्या तक्त्यात नुसतं वजन बघून, कुणाच्या रक्तात किती औषध उतरेल हे अगोदरच सांगायचं. मोठ्या हौदाला मीठ जास्त लागतं, लहान हौदाला कमी. हौदाचं माप कळलं की किती खारट होईल ते चव न घेता सांगता येतं. एवढं साधं.

याची परीक्षा त्यांनी पहिल्यांदा स्वतःवर घेतली. वडील धनपाल यांची सांगलीत हळदीची अडत होती. अडतीतल्या मोठ्या काट्यावर डॉक्टर चढून बसले.

"एक मण बावीस शेर," धनपाल म्हणाले.

"आण्णा, वजनं तर एक मण तेवीस शेरांची लावलीत."

"एक शेर कडता कापला."

"कसला कडता?"

"पोत्याचा."

"मी पोत्यात नाही, आण्णा."

"आज न्हाईस. पर हात सवयीचा असतोय. तो बिघडवून घेऊ ने."

डॉक्टरांनी एक मण तेवीस शेरच धरले. पौंडात ते एकशेतीस झाले. सहा गोळ्या घेतल्या तर रक्तात पाच उतरलं पाहिजे, असं त्यांनी कागदावर लिहिलं, गोळ्या घेतल्या, चार तासांनी स्वतःचं रक्त काढलं आणि रंग पाहिला. तो पाचाच्या नळीला असा जुळला, की धनपालांनाही दोन्हींतली कोणती कुठली ते सांगता येईना. आणि हळदीच्या रंगावरून गाव ओळखणारा तो माणूस. त्या दिवशी डॉक्टरांचं मत पक्कं झालं. तक्ता बरोबर, पेटी बरोबर. आता फक्त लोक पाहिजे होते.

लोकांसाठी त्यांनी सांगली संस्थानाची हद्द ओलांडून सातारा जिल्ह्यात इस्लामपूरला दवाखाना टाकला. पहिले चार महिने खोकला, खरूज आणि विंचू आले. विंचवाला वजन विचारून उपयोग नसतो. पाचव्या महिन्यात एका सकाळी बनेवाडीचे लालासाहेब छकडा घेऊन दारात उभे राहिले. त्यांचे थोरले भाऊ हंबीरराव तापाने फणफणले होते, छातीत कळ होती, आणि थुंकीत तांबडं पडत होतं.

डॉक्टरांनी पेटी घेतली. लालासाहेबांना वाटलं डॉक्टर मुक्कामाला येताहेत.

हंबीरराव सोप्यात घोंगड्यांच्या ढिगाखाली निजले होते. ढिगाबाहेर होता तो चेहरा. आणि चेहरा मात्र मोठा होता: रुंद कपाळ, जबडा, दोन्ही कानांकडे निघालेल्या मिशा. भोवती भावकीतली सात-आठ माणसं बसली होती आणि आजाऱ्यापेक्षा जास्त कण्हत होती. माजघराच्या दारात हंबीररावांच्या पत्नी चंद्राबाई उभ्या होत्या.

डॉक्टरांनी छाती तपासली. उजव्या बाजूला खाली न्यूमोनिया स्पष्ट होता. छाती तपासताना घोंगडी बाजूला झाली आणि डॉक्टरांच्या डोळ्याला बरगड्या दिसल्या, मनगट दिसलं. डोळा म्हणाला, शंभर पौंड. डॉक्टरांनी डोळ्याला गप्प बसवलं.

"यांचं वजन किती?"

"इच्यारू नगा," लालासाहेब म्हणाले. "तालुक्याला मामलेदार खुर्ची देतोय."

"तसलं नव्हे. काट्यावरचं. गुळाचा काटा असेल ना गावात? यांना उचलून बसवू."

सोप्यातलं कण्हणं थांबलं.

"जित्या माणसाला? आजारपणात?" एक म्हातारा म्हणाला. "त्यो काय ऊस हाय?"

"गोळ्या वजनावर द्यायच्या आहेत."

"मग वजन हाय की म्हाईत," लालासाहेब म्हणाले. "त्याला काटा कशाला? पाच वर्सांमागं हिरीला पानी लागलं, तवा दादांची गूळतुला केली न्हवं का. भैरोबाच्या देवळाम्होरं. सात ढेपा."

"सात," सोपा एका आवाजात म्हणाला.

"नक्की?"

"आख्ख्या गावानं खाल्लाय गूळ. सात म्हंजी सात. पलीकडल्या वाडीच्या पाटलाची साडेपाचावर आटपली हुती."

डॉक्टरांना बरं वाटलं. देवासमोर, चारचौघांत, मोठ्या काट्यावर घेतलेलं वजन. सांगलीत आण्णांच्या अडतीतसुद्धा इतके साक्षीदार नव्हते.

"आवं डाक्टर," दारातून चंद्राबाई म्हणाल्या, "त्या टायमाला काय झालं—"

"वैनी," लालासाहेब म्हणाले, "डाक्टरांस्नी च्या टाका."

त्या आत गेल्या. डॉक्टरांनी वही उघडली. इथली एक ढेप चौदा-पंधरा शेरांची, म्हणजे धरून चाला तीस पौंड. साती तीस दोनशेदहा. दोनशेदहा पौंडांना पहिला डोस एकोणीस गोळ्या, मग दर चार तासांनी तीन-तीन. अपेक्षित आकडा, दहा. त्यांनी आकड्याखाली दोन रेघा ओढल्या.

शहाण्या माणसाने एकोणीस या आकड्यापाशी थांबून घोंगडीखाली पुन्हा एकदा डोकावलं असतं. डॉक्टरही डोकावले. डोळा पुन्हा म्हणाला, शंभर. पण आजाराने वाळले असतील, हाड मोठं असेल, काही माणसं दिसतात बारीक आणि भरतात जड. डोळ्याला द्यायला त्यांच्याकडे बरीच उत्तरं होती.

चंद्राबाई चहा घेऊन आल्या तेव्हा डॉक्टर गोळ्यांची रास मोजत होते.

"येवड्या?" त्या म्हणाल्या.

"तुमचे मालक सात ढेपांचे आहेत, बाई."

"त्ये खरं, पर सातात—"

"जरा थांबा, आकडा चुकेल माझा." डॉक्टर पुन्हा एकपासून मोजू लागले. एकोणीस झाल्यावर त्यांनी मान वर केली, तर दारात कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुन्हा बनेवाडीला पोचले, तर सोप्यात सण असल्यासारखं वातावरण होतं. ताप उतरला होता. हंबीरराव उशीला टेकून बसले होते आणि मिशांना तेल लावून घेत होते. लालासाहेबांनी डॉक्टरांपुढे नारळ ठेवला.

"उतारा पडला गड्या," म्हातारा म्हणाला. "हात गुनाचा हाय ह्या डाक्टरचा. बारका दिसतोय, पर हाय गुनाचा."

"लघवीला कधी जाऊन आले?" डॉक्टरांनी विचारलं.

प्रश्न कुणालाच आवडला नाही. नारळ ठेवल्यावर असं विचारत नाहीत.

"काल तिनीसांजंला," हंबीरराव म्हणाले. "वाईच. लालसर. वाळूवानी टोचत हुतं."

"नंतर?"

"नंतर घाम लय आला. त्यातनंच गेलं आसंल."

वाळू. त्यांनी खिडकीशी पाट मांडला, पेटी उघडली, हंबीररावांच्या दंडातून रक्त काढलं आणि गाळायला लावलं. भावकी भोवती गोळा झाली. थेंब पडले. पाणी गुलाबी झालं. दहाच्या नळीला मागे टाकून गेलं, पंधराला मागे टाकलं, आणि विसाच्याही पुढे जाऊन थांबलं.

"रंग झ्याक उतरला," लालासाहेब समाधानाने म्हणाले.

"हे होऊ शकत नाही," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी भांडी धुतली आणि पुन्हा केलं. तोच रंग. बाटली बदलली. तोच. खिडकीचा उजेड लाल मातीवरून येतो म्हणून अंगणात जाऊन पाहिलं; भावकीही अंगणात आली. तोच रंग. मग गाळलेलं पाणी निम्मं पातळ करून पाहिलं, तर ते दहाच्या नळीपेक्षा नखभर गडद. म्हणजे एकवीस, फार तर साडेएकवीस.

"किती पायजे हुतं?" म्हाताऱ्याने विचारलं.

"दहा."

"आन भरलं एकवीस. मग नफाच की."

डॉक्टर पायरीवर बसले. आयुष्यात कधी नव्हे ती त्यांना शिवी देण्याची इच्छा झाली, आणि घरच्या वळणात शिव्या नसल्यामुळे एकही आठवेना. तक्ता बरोबर होता. तो त्यांनी स्वतःच्या रक्तावर तपासला होता. पेटी बरोबर होती. गोळ्या त्यांनी दोनदा मोजल्या होत्या. न तपासलेली गोष्ट एकच उरली होती, आणि तिला सगळा गाव साक्षीदार होता. त्यांनी वही काढून गणित उलटं केलं. इतक्या गोळ्यांनी एवढा रंग यायचा, तर माणूस किती पौंडांचा पाहिजे?

"हंबीरराव अठ्ठ्याण्णव पौंडांचे आहेत," ते म्हणाले.

"ढेपांत सांगा."

"सव्वातीन."

लालासाहेब दोन पावलं पुढे आले.

"डाक्टर, सबूद जपून वापरा. सव्वातीन ढेपाचा मानूस ह्या घरान्यात झाला न्हाई."

"गूळतुला चुकली होती, लालासाहेब."

"देवाम्होरची तुला?"

"काटा कुणी धरला होता?"

"म्या," मागून केरबा म्हणाला. केरबा हंबीररावांच्या गुऱ्हाळावरचा गुळव्या. पन्नास वर्षं ढेपा बांधत आला होता. "काटा सरळ हुता. आईच्यान."

"पारडं कोणी पायाने दाबलं होतं?"

"दाबंल कोन? लोकं हात जोडून उभी हुती."

"अंगावर काही होतं? लोखंड, दगड, दागिने?"

"धोतर हुतं, फेटा हुता. फेट्याचं अर्दा शेर धरा."

डॉक्टरांनी फेट्याचा अर्धा शेर धरून पाहिला. काही फरक पडला नाही. आत हंबीररावांची मूत्रपिंडं तासातासाने बुजत होती आणि बाहेर आठ माणसं, सगळी खरं बोलणारी, शपथेवर त्यांना चुकीचा आकडा देत होती. जास्त गोळ्या गेल्या एवढं त्यांना आता कळलं होतं. त्या बंद करता येणार होत्या. पण हंबीररावांना बादलीभर पाणी पाजायचं होतं, आणि जो डॉक्टर सात ढेपांचे सव्वातीन करतो त्याच्या हातचं पाणी या घरात आज कोण घेणार? न्यूमोनियाला पाणी म्हटल्यावर म्हाताऱ्याने तर सरळ दार अडवलं होतं.

"छातीत पानी हाय म्हनून ताप आला," तो म्हणाला. "आनि पानी वतून काय, हीर करायची का त्याची?"

डॉक्टर त्याला ओलांडून आत गेले आणि हंबीररावांच्या उशाशी बसले.

"तुम्ही सांगा. पारड्यात काय काय होतं?"

"मी हुतो," हंबीरराव म्हणाले. आवाज मघापेक्षा जड झाला होता, पापण्याही. "मांडी घालून बसलो हुतो. हाललोसुदिक न्हाई. हालाया जागाच न्हवती."

"एवढ्या मोठ्या काट्यात जागा नव्हती?"

"अर्द्या पारड्यात कितीशी असनार?"

डॉक्टरांनी वही मिटली.

"आणि दुसऱ्या अर्ध्यात?"

"दुसऱ्या अर्द्यात कोन असनार? ही हुती."

"ही कोण?"

हंबीररावांनी माजघराच्या दाराकडे मिशा वळवल्या. डॉक्टरांनी लालासाहेबांकडे पाहिलं.

"यजमान बसला म्हंजी मालकीन बसतीच की," लालासाहेब म्हणाले. "भटजी म्हनला, जोडीबिगर पुन्य लागू हुत न्हाई."

"मग तुला दोघांची झाली."

"न्हाई वो. तुला दादांची. वैनी निस्त्या बसल्या हुत्या."

"काट्यात?"

"मग काय झाडावर?"

"आणि हे मला काल कुणी सांगितलं नाही."

"तुमी दादांचं इच्यारलं हुतं," केरबा म्हणाला. तो खरंच मदत करत होता.

"म्या दोनदा सांगाया आले हुते," चंद्राबाई दारातून म्हणाल्या. "येकदा च्या टाकाय लावला. दुसऱ्यांदा तुमीच म्हनला, आकडा चुकंल."

डॉक्टरांनी पेटीतून सोड्याची पुडी काढली.

"बाई, गोळ्या बंद. दर तासाला चिमूटभर सोडा, आणि कोमट पाणी. तांब्यावर तांबे. मी सांगेपर्यंत थांबायचं नाही. हे नाही म्हणाले तरी. हे तर म्हणणारच."

चंद्राबाईंनी पदर खोचला. म्हातारा दारात होता. त्या सरळ चालत आल्या आणि म्हातारा दारात राहिला नाही.

"प्या," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"पोट फुटंल माजं."

"फुटलं तर शिवीन. प्या."

पहिला तांब्या, दुसरा, चौथा. भावकी एकेक करून अंगणात गेली, कारण पाणी पिणारा माणूस बघत बसण्यात मजा नसते. पाचव्या तांब्याला हंबीररावांनी तोंड फिरवलं, तर चंद्राबाईंनी मिशा धरून परत वळवलं. डॉक्टर दर घटकेने पोट चाचपत होते. मूत्राशय रिकामंच लागत होतं. सहावा. सातवा. हंबीरराव झापडायला लागले. त्यांना हलवून हलवून पाजावं लागलं. उन्हं भिंतीवरून वर सरकली. दिवस मावळायच्या आत जेवायचं हा डॉक्टरांच्या घरचा नेम. मावळायला आल्यावर चंद्राबाईंनी विचारलं, "तुमचं ताट वाढू?"

"नको."

"तुमच्यात मागनं जेवत न्हाईत."

"माहीत आहे."

सूर्य गेला. जेवण गेलं. नवव्या तांब्यानंतर हंबीररावांनी डोळे उघडले, छताकडे पाहिलं, आणि कुणाला तरी मोठी अडचण सांगावी तशा आवाजात म्हणाले, "वाईच मोरीत न्ह्या."

लालासाहेब आणि केरबा त्यांना धरून घेऊन गेले. डॉक्टर भिंतीशी उभे राहिले. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला. आधी थांबत थांबत, मग सलग. दिवसभरात त्यांनी ऐकलेली ती पहिली बिनचूक गोष्ट होती. केरबाने लोटा बाहेर आणून कंदिलापुढे धरला. रंग लालसर, तळाला चमचाभर वाळू.

"ह्ये पेटीत घालताय का?" केरबाने विचारलं.

"नको," डॉक्टर म्हणाले आणि ओट्यावर बसले. मग त्यांना हसू आलं, पण पोट रिकामं असल्यामुळे ते लवकर संपलं.

सकाळपर्यंत रक्तातला आकडा तेरावर आला आणि हंबीरराव ताक मागू लागले. डॉक्टरांनी वही उघडून 'दोनशेदहा' खोडलं आणि 'अठ्ठ्याण्णव' लिहिलं. तोवर चंद्राबाई चहा ठेवून समोर उभ्या राहिल्या होत्या. कालच्यापेक्षा दोन पावलं पुढे.

"मग माजं किती?"

डॉक्टरांनी वजाबाकी केली. "तेव्हाचं म्हणाल तर एकशेबारा."

"ढेपांत."

"पावणेचार."

चंद्राबाईंनी आधी लालासाहेबांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग आत गेल्या. पावणेचार ढेपांचं माणूस चालतं तशा गेल्या.

हंबीररावांनी डॉक्टरांना जवळ बोलावलं.

"डाक्टर, गावात साताचं ऱ्हाऊ द्या."

"मी कशाला सांगू गावात."

"आन त्या वहीत?"

"वही इंग्रजीत आहे."

हंबीररावांनी सुटकेचा श्वास टाकला. न्यूमोनियानंतरचा पहिला पुरा श्वास. तेवढ्यात आतून, भांड्यांच्या आवाजातून, चंद्राबाईंनी विचारलं, "डाक्टर, विंग्रजीत पावनेचारला काय म्हनत्यात?"